विसराळूपणावर अँटिऑक्सिडंट: आधी वही, मग तपासण्या, मग ताट आणि सर्वांत शेवटी गोळी

ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. घरात आई किंवा बाबा विसरायला लागले, की थोड्याच दिवसांत टेबलावर बाटल्यांची रांग लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजमधली जिंकोची (जिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काची) गोळी, ओळखीतल्या कुणी सांगितलेली हिरवी व्हिटॅमिन ई कॅप्सूल, अमेरिकेतल्या भाच्याने आणलेली मेंदूच्या टॉनिकची मोठी बरणी. पुढचे कित्येक महिने ‘फरक पडतोय का’ बघण्यात जातात. मग कधीतरी रक्त तपासलं जातं आणि बी-१२ तळाला गेलेलं निघतं, किंवा थायरॉइड बिघडलेलं. ते पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी पेशींची झीज रोखणाऱ्या पदार्थांचा, मेंदूशी संबंध खरा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजन तो वापरतो सुमारे २० टक्के. इतका ऑक्सिजन जळतो तिथे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणूही भरपूर तयार होतात. त्यात मेंदूच्या पेशींची आवरणं नाजूक चरबीची असतात. पावसाळ्यात उघड्या डब्यातलं खोबरं खवट होतं, ती हवेतल्या ऑक्सिजनने चरबीवर केलेली क्रिया असते. तशाच प्रकारची झीज पेशींच्या आवरणात होत राहते. शरीर स्वतःची एन्झाइम्स आणि ग्लुटाथायोन (पेशींतच बनणारं अँटिऑक्सिडंट) वापरून ती रोखतं आणि अन्नातली जीवनसत्त्वं व वनस्पतींमधली रंगद्रव्यं त्याला हातभार लावतात. वय वाढतं तशी ही यंत्रणा मंदावते.

इथपर्यंत ठीक आहे. चूक पुढे होते, ती क्रमात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि कुठलाही टप्पा गाळू नका.

## पूर्वतयारी: हाताशी काय हवं

एक शंभर पानी वही. मोबाइलमधल्या नोट्स नकोत, कारण ही वही घरातल्या सगळ्यांना उघडता आली पाहिजे आणि डॉक्टरांसमोर ठेवता आली पाहिजे. घरातल्या सगळ्या औषधांसाठी एक कापडी पिशवी. गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट तारखेनुसार लावलेली एक फाइल. आणि घरातला एक जबाबदार माणूस. मुलगा, सून, मुलगी कुणीही चालेल, पण एकच. तिघांनी तीन डॉक्टर गाठले की औषधं दुप्पट होतात आणि पूर्ण माहिती कुणाकडेच राहत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच करायची. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्यांना विश्वासात घ्या. ‘बाबा, तुम्ही हल्ली फार विसरता, तुम्हाला दाखवायला हवं’ असं चारचौघांत म्हटलं, की बाबा पुढचे सहा महिने दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. ‘बाबा, वर्षाची तपासणी राहिली आहे, बीपीबरोबर सगळंच एकदा बघून घेऊ’ असं म्हणा. ते खरंही आहे.

## टप्पा १: विसरणं नेमकं कसलं आहे ते लिहा

दोन आठवडे फक्त नोंदी करा. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळात लक्षात आलं. ‘आईचं डोकं चालत नाही’ ही नोंद झाली नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी कुकरला किती शिट्ट्या झाल्या हे विसरली, आठवण केल्यावर आठवलं’ ही नोंद झाली.

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, शेजाऱ्यांचं नाव जिभेवर येऊन अडणं आणि थोड्या वेळाने आठवणं, हे वयाबरोबर होतं. काळजीच्या नोंदी वेगळ्या असतात. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं. वर्षानुवर्षं केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकणं. गोखले रोडवरून घरी येताना ओळखीच्या वळणावर गोंधळणं. पैशांचा हिशेब, मीटरचं बिल, बँकेची स्लिप यांत नव्याने चुका होणं. ‘पैसे कुणीतरी चोरले’ असा संशय पुन्हा पुन्हा घेणं. आणि एक गोष्ट लोक सोडून देतात: माणसाला स्वतःला त्याची जाणीव आहे का? विसरल्याची काळजी त्यालाच वाटते आहे, की घरच्यांना वाटते आणि त्याला काहीच वाटत नाही? डॉक्टरांना हा फरक फार उपयोगी पडतो, तो जरूर लिहा.

चालण्याकडेही लक्ष द्या. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणं आणि विसराळूपणा ही तिन्ही एकत्र दिसत असतील, तर मेंदूत पाणी साठण्याचा एक विकार असू शकतो. त्याच्यावर शस्त्रक्रियेने उपचार करता येतात.

सावधान: पुढच्या प्रसंगांत दोन आठवडे थांबायचं नाही. गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर तो बहुतेक वेळा स्मृतिभ्रंश नसतो. लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर घसरणं, नवीन औषध अशी कारणं असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, एका हातातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं हे दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. ही पक्षाघाताची लक्षणं असू शकतात, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं. आणि बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला होता, तेव्हा काही वाटलं नाही, पण काही आठवड्यांनी माणूस सुस्त आणि विसराळू झाला, असं असेल तर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त शोधण्यासाठी सीटी स्कॅन लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो.

## टप्पा २: औषधांची पिशवी रिकामी करा

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पिशवी टेबलावर उलटी करायला सांगते. देव्हाऱ्याजवळच्या डब्यातली, फ्रिजच्या दारातली, पर्समधली, सगळी औषधं. आयुर्वेदिक चूर्णं, प्रोटीन पावडर, केसांच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, काहीही वगळायचं नाही. अशाच एका पिशवीतून हिरव्या कॅप्सूलची स्ट्रिप निघाली, पायात गोळे येतात म्हणून सुरू केलेली. शेजारी त्वचेसाठी घेतलेल्या दुसऱ्या नावाच्या कॅप्सूल, त्याही व्हिटॅमिन ईच्या. तिसरी मल्टिव्हिटॅमिनची बाटली, तिच्यातही ई. आजी तिन्ही रोज घेत होत्या आणि सोबत गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळीही. तिन्ही वेगळ्या दुकानांतून आलेली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

प्रत्येक औषधापुढे वहीत चार गोष्टी लिहा: नाव आणि मात्रा, कुणी दिलं, कधीपासून, कशासाठी. ‘कशासाठी’ची जागा रिकामी राहिली, की त्या औषधाबद्दल डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा.

तीन प्रकारांवर खूण करा.

झोपेच्या आणि भीती कमी करण्याच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या. म्हातारपणी यांनी दिवसाही झापड राहते, स्मरण मंदावतं, तोल जातो.

सर्दी, अ‍ॅलर्जी आणि खाजेची जुन्या पद्धतीची औषधं: क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्झिझिन. शिवाय अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्य आणि नसांच्या दुखण्यावरचं औषध) आणि लघवी रोखण्याची काही औषधं. स्मरणासाठी लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाला ही अडवतात. ‘साधी सर्दीची गोळी’ म्हणून लोक ती मोजतच नाहीत.

मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या: वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ कमी शोषलं जातं. मेटफॉर्मिन बंद करायची नसते, बी-१२ तपासत राहायचं असतं.

सावधान: यातलं काहीही घरच्या घरी एकदम थांबवू नका. झोपेची गोळी अचानक बंद केली तर झटकेही येऊ शकतात. बंद करायचं का आणि कसं कमी करत न्यायचं, हे डॉक्टर ठरवतील.

## टप्पा ३: तपासण्या, आणि त्या आधी काय थांबवायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. थेट एमआरआय काढून आणू नका. वही दाखवा आणि रक्ताच्या या तपासण्यांबद्दल विचारा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, लिव्हर, साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). पुढे स्कॅन किंवा न्यूरॉलॉजिस्ट लागेल का, ते यावरून ठरतं. खासगी खर्च झेपत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं आहेतच. तिथे सकाळी लवकर जा आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली: बी-१२ची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेऊन मग तपासणी करणं. आकडा फुगलेला येतो आणि खरी स्थिती झाकली जाते. आधी रक्त द्या, मग उपचार. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा असतो, तिथे डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासायला सांगू शकतात. ‘रेंजमध्ये आहे’ एवढं वाचून २१०चा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून देऊ नका. शाकाहारी घरांत तर नकोच, कारण बी-१२ नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतच मिळतं, म्हणजे शाकाहाऱ्यांसाठी दूध, दही, ताक, पनीर यांतच. कमतरता लांबली तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिल्यानेही घोटाळा होतो: रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची झीज आतून चालूच राहते.

दुसरी: केसांच्या गोळ्या. त्यांत बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्यामुळे काही प्रयोगशाळांच्या थायरॉइड तपासणीचे आकडे चुकीचे येतात. तपासणीच्या किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. निदान घेत असल्याचं लॅबला सांगा तरी.

तिसरी: मनाची तपासणी टाळणं. म्हातारपणी नैराश्य रडण्यातून दिसतंच असं नाही. भूक जाणं, पहाटे जाग येणं, कशातच लक्ष नसणं आणि त्यातून ‘काही आठवत नाही’ अशी तक्रार, असं ते येतं. त्यावर उपचार होतात आणि स्मरणही सुधारतं.

पडताळा: स्मरणशक्तीची चाचणी त्यांच्या भाषेत झाली का? चौथी शिकलेल्या आजींना इंग्रजी शब्दांची यादी दिली तर गुण कमी पडणारच. मराठीतून घ्या, शिक्षण किती ते आधी सांगा, आणि चष्मा व कानयंत्र लावूनच बसवा.

## टप्पा ४: कान, डोळे, रक्तदाब, झोप

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे, बदलता येतील असे १४ धोके मांडले आणि ते सगळे दूर झाले तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू शकतात किंवा लांबू शकतात, असा अंदाज दिला. त्या यादीत ऐकू कमी येणं आहे, दुरुस्त न केलेली दृष्टी आहे, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आहे. व्हिटॅमिनच्या गोळीची कमतरता त्यात नाही.

ज्याला नीट ऐकूच आलं नाही, त्याला आठवणार तरी काय? कानातला मळ काढून घ्या, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करा, कानयंत्र आणलं तर ते ड्रॉवरमध्ये राहणार नाही याची काळजी घ्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका. रक्तदाब घरी मोजून वहीत लिहा. घोरणं मोठं आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

## टप्पा ५: ताट

आता अन्न. रोज एखादं जादुई फळ आणून भागत नाही, आठवड्याचं ताट बदलावं लागतं. २०१५ साली शिकागोच्या रश विद्यापीठातून ‘माइंड’ आहार पुढे आला. पालेभाज्या, बेरी, सुका मेवा, डाळी, मासे यांवर भर, तूप-लोणी-गोड-तळण कमी. हे खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसला होता. २०२३ मध्ये तीन वर्षांच्या चाचणीत मात्र हा आहार घेणाऱ्यांत आणि नुसतं थोडं कमी खाणाऱ्यांत लक्षणीय फरक आला नाही. म्हणून मी कुणालाही ‘हे खा, स्मरणशक्ती परत येईल’ असं सांगत नाही. हे ताट रक्तदाब, साखर आणि रक्तवाहिन्या सांभाळतं, आणि मेंदूला जगवतात त्या रक्तवाहिन्याच. एवढं कारण पुरेसं आहे. ब्लूबेरीसाठी मॉलमध्ये जायची काही गरज नाही.

५.१ बाजार. ठाण्यात जांभळी नाका, नवी मुंबईत सेक्टरातला भाजीबाजार. पिशवीत रंग बघा. हिरव्यासाठी माठ, चवळी, मेथी, पालक, शेवग्याचा पाला. लालसाठी लाल माठ आणि बीट. जांभळ्यासाठी हंगामात करवंदं आणि जांभळं, हिवाळ्याच्या शेवटी काळी द्राक्षं, एरवी लाल कोबी आणि वांगी. वांग्याची साल काढू नका, रंगद्रव्य तिथेच आहे. हिवाळ्यात आवळा: एका मध्यम आवळ्यात दिवसभराची क जीवनसत्त्वाची गरज जवळपास भागते. मोरावळा चालेल का, असं सगळे विचारतात. साखर असलेल्यांना नाही. मीठ-हळद लावलेल्या दोन-तीन फोडी जेवणाबरोबर बऱ्या, बीपी असेल तर मीठ नावालाच.

कोकमाचं आगळ आणि कोकम सरबत यांत गल्लत करू नका. आगळात मीठ जबर असतं, सरबतात साखर. सोलकढीला सुकी कोकमं भिजवून तो रस वापरला तर दोन्ही टळतं.

५.२ प्रमाण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार ताटाचा अर्धा भाग भाज्या, पालेभाज्या, कंद आणि फळांचा हवा. आपल्या घरांत भात-पोळी अर्ध्याहून जास्त आणि भाजी चमचाभर कडेला, असं दिसतं. रोज एक वाटी शिजलेली पालेभाजी, दुसरी एक वाटी फळभाजी, एक फळ, मूठभर दाणे-बदाम-अक्रोड, दोन वाट्या डाळ-उसळ. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणींकडे ही सुरमईपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात आणि ओमेगा-३ही भरपूर देतात. कालवण करा, तळू नका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुक्या मासळीवर भर देऊ नका, तिच्यात मीठ फार. शाकाहाऱ्यांसाठी जवसाची चटणी, पण जवस भाजून कुटलेले हवेत. अख्खे जवस पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात.

५.३ साठवण. दाण्याचं कूट, जवसाची पूड, सुकं खोबरं महिन्याचं करून बरणीत ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत कुटलेल्या तेलबिया झपाट्याने खवट होतात. आठवड्यापुरतं कुटा, फ्रिजमध्ये ठेवा, वास बघा. कडवट वास आला तर सरळ टाकून द्या. वड्या-पुऱ्यांचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं हाही तोच प्रकार. एकीकडे अँटिऑक्सिडंटसाठी पैसे मोजायचे आणि दुसरीकडे काळपट तेलात भजी तळायची, हे मी फार घरांत पाहते.

५.४ शिजवणं. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात जातं. उकडून पाणी पिळून फेकू नका, ते आमटीत घाला. झाकण ठेवून कमी वेळ शिजवा. चमचाभर तेलाची फोडणी हवीच, कारण पालेभाजीतलं बीटा कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालायची सवय असेल तर मोडा, त्याने थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) नष्ट होतं. दात नसलेल्यांना कोशिंबीर न देता बीट किसून वाफवा, पालेभाजीची डाळभाजी करा. ताटात ठेवलेलं पोटात जातंय का, हे बघणंही स्वयंपाकातच आलं.

चहा जेवणाबरोबर नको. त्याने लोहाचं शोषण कमी होतं. तासाभराने द्या.

सावधान: या तिघांनी आधी विचारावं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल घेणारे: पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो. पालेभाजी बंद करायची नाही, रोज साधारण सारखी ठेवायची, आणि वाढवायची असेल तर डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) तपासत वाढवायची. किडनीचे रुग्ण: पालेभाज्या, फळं, सुका मेवा यांतलं पोटॅशियम त्यांना झेपेलच असं नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपास करणारे. एकादशीला गोळी नेहमीची आणि पोटात फक्त दुपारी साबुदाणा, मग संध्याकाळी आजी बडबडतात, घामाघूम होतात. तो विसराळूपणा नसतो, उतरलेली साखर असते, आणि वारंवार साखर उतरणं मेंदूला घातक आहे. उपासाच्या दिवसाची मात्रा आधी ठरवून घ्या. नाहीतर उपास सोडा. देवाला ते चालतं असं मी आजींना सांगते, आणि बहुतेक जणी ऐकतात.

## टप्पा ६: गोळी घ्यायचीच असेल तर

आता बाटल्या. काय तपासलं गेलंय ते सरळ सांगते.

व्हिटॅमिन ई: २००५ साली सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना तीन वर्षं रोज २००० युनिट देऊन पाहिलं. अल्झायमरकडे होणारी वाटचाल थांबली नाही. २०१४च्या एका चाचणीत निदान झालेल्या सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या रुग्णांची रोजची कामं करण्याची क्षमता याच मात्रेने थोडी सावकाश ढासळली, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचार आहे. आठवतं आहे पण उशिरा, अशा माणसाने केमिस्टकडून आणून घ्यायची ती गोष्ट नाही. रोजची गरज साधारण १० ते १५ मिलिग्रॅम, आणि सहज मिळणारी कॅप्सूल ४०० मिलिग्रॅमची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला.

बीटा कॅरोटीन: धूम्रपान करणाऱ्यांत गोळ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग वाढल्याचं १९९०च्या दशकातल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. घरात विडी-सिगारेटची सवय असलेलं किंवा पूर्वी असलेलं कुणी असेल तर ही बाटली नकोच. गाजर, लाल भोपळा बिनधास्त खा.

जिंको: २००८ मध्ये ७५ वर्षं आणि त्यापुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज २४० मिलिग्रॅम अर्क घेऊनही स्मृतिभ्रंश कमी झाला नाही.

हळदीचा अर्क: स्वयंपाकातली हळद चालू ठेवा. तीव्र अर्काच्या, विशेषतः मिरीचा अर्क मिसळलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

मल्टिव्हिटॅमिन: साधी, रोजच्या गरजेइतकी मात्रा असलेली गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांच्या स्मरणात अमेरिकेतल्या अलीकडच्या चाचण्यांत थोडासा फायदा दिसला. जेवण कमी झालेल्या आजोबांना डॉक्टरांना विचारून ती एक देता येईल. ती घेतली तर बाकीच्या बाटल्या बंद, नाहीतर एकच घटक तिनदा पोटात जातो.

पडताळा: दात काढणं, मोतीबिंदू किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर व्हिटॅमिन ई, जिंको, फिश ऑइल घेत असल्याचं सर्जनला आधीच सांगितलं का? यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

## टप्पा ७: चालणं आणि माणसं

रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. नियमित चालण्याने शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा सुधारते, हे गोळीला जमत नाही. कचराळी तलाव, उपवन, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क, जवळ असेल ते. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने नको. हिवाळ्यात पहाटे धुरकट हवा खाली बसलेली असते, तेव्हा ऊन थोडं वर आल्यावर निघा.

एकट्याने चालण्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महापालिकेचं विरंगुळा केंद्र गाठा. तिथली कॅरम, भजन, वादविवाद ही मेंदूची खरी कसरत. रोज एकटंच शब्दकोडं सोडवणं त्याची जागा घेत नाही.

## टप्पा ८: तीन महिन्यांनी बसून बघा

दर आठवड्याला ‘सुधारली का’ असं विचारू नका. आईचा ताण वाढतो आणि उत्तरही खोटं मिळतं. तीन महिन्यांनी वहीची सुरुवातीची पानं आणि आत्ताची पानं शेजारी ठेवा. त्याच चुका तितक्याच वेळा होतात का? वजन किती? भरून काढल्यावर बी-१२ पुन्हा तपासलं का? रक्तदाब ठरलेल्या पट्ट्यात आहे का? कारण सापडलं आणि उपचार झाले असतील तर अनेकदा एवढ्यात फरक कळतो. विसराळूपणा तसाच राहिला किंवा वाढला असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि हीच वही न्या.

वजन न ठरवता उतरत असेल तर थांबू नका. मेंदूसाठी म्हणून तेल, भात, दूध सगळं तोडलेले आजोबा मी पाहिले आहेत. सत्तरीनंतर घटणारं वजन हे बहुतेक वेळा वाईट लक्षण असतं, आणि प्रथिनं कमी पडली की आधी स्नायू जातात, मग तोल.

त्रास वाढतो आहे असं दिसलं, तर सही करता येते आहे तोवर बँकेचं नॉमिनेशन, विमा, इच्छापत्र ही कामं त्यांच्याशी बोलून उरका. फिरायला जाताना खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड ठेवा. सांभाळणाऱ्या माणसासाठी आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवा आणि त्या दुपारी कोण बसणार हे वहीत नावानिशी लिहा. अडलं तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. सांभाळणाऱ्यालाच आता झेपत नाही असं वाटायला लागलं, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.